त्या सोमवारची पहाट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ११ डिसेंबर २०२३ रोजी आवारात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय विचारला तेव्हा त्यांच्या मनात केशवसुत होते. मालगुंडात भाषण म्हटलं की केशवसुत, त्याला इलाज नाही. पण तारीख कळल्यावर मी म्हटलं, केशवसुतांवर बोलणारे पुष्कळ आहेत, मला आज कोयनेवर बोलू द्या.

आज ११ डिसेंबर, सोमवार. ५६ वर्षांपूर्वी, १९६७ साली, याच तारखेला सोमवारच होता. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या आसपास. पावणेदोनशेहून जास्त माणसं गेली, दोन हजारांवर जखमी झाली. कोयनेची वीज बंद पडून मुंबईचे कारखाने अडले, तेव्हा सगळ्या देशाला कोयना कुठे आहे ते कळलं. आम्हाला आधीच माहीत होतं. आमची आत्या तिथे राहायची.

मी तेव्हा चौथीत. घर चिऱ्याचं, वर कौलं. आम्ही भावंडं माजघरात ओळीने झोपलेलो. आधी आवाज आला. आम्ही समुद्राकाठची पोरं, गाज आमच्या कानातलीच. पण हा आवाज खालून येत होता, जमिनीच्या पोटातून. मग फडताळातली भांडी वाजायला लागली, शिंकं झुलायला लागलं. गोठ्यात गुरं हंबरली म्हणून आजीला वाटलं वाघ शिरला. ती काठी घेऊन तिकडेच निघाली होती! वडिलांनी तिला दंडाला धरून ओढलं आणि ओरडले, "सगळे खळ्यात चला!" चंद्र मावळलेला, मिट्ट काळोख. मागच्या पडवीची दहा-वीस कौलं घसरून फुटली, तेवढंच आमचं नुकसान. वाडीतले सगळे आपापल्या खळ्यात उभे. एका घरून गाऱ्हाणं घातल्याचा आवाज येत होता. उजाडेपर्यंत आत कोणी गेलं नाही.

दुपारी दुकानाच्या ओट्यावरच्या रेडिओने कोयनेचं नाव घेतलं. वडील तिथेच खाली बसले.

आत्याचे यजमान प्रकल्पावर नोकरीला होते. धरणात पाणी अडवायला लागल्यापासून तिथे बारीकसारीक धक्के बसायचे. त्या सप्टेंबरात तर एक चांगलाच मोठा बसला होता. तिची पत्रं यायची. आजी ती माझ्याकडून वाचून घ्यायची, म्हणून मला आठवतात. "इथे जमीन गुरगुरते, मांडणीवरची भांडी वाजतात. आता सवय झाली आहे. काळजी नसावी." दिवाळीनंतरच्या पत्रातही हेच होतं.

संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली की धरण फुटलं. पानशेत फुटून सहाच वर्षं झाली होती, त्यामुळे लोकांना ते खरं वाटलं. आमच्या गुरुजींनी शाळेसमोरच्या मातीत काठीने नकाशा काढला. कोयना इकडे येत नाही, ती कऱ्हाडला कृष्णेला मिळते. आपल्या बाजूला येतं ते फक्त पोफळीच्या वीजघरातून सुटलेलं पाणी, आणि तेही वाशिष्ठीत जातं. धरण फुटलं नव्हतंच. त्याला भेगा पडल्या, पण ते उभं राहिलं. पुढे त्याला मजबुती दिली.

वडील तोवर निघूनही गेले होते. रत्नागिरी, चिपळूण एसटीने, पुढे कुंभार्ली घाट एका ट्रकमधून. पाचव्या दिवशी परत आले ते आत्याच्या सहा वर्षांच्या मुलीला घेऊन. तिच्या अंगात दुसऱ्याच कोणाचा तरी फ्रॉक होता, गुडघ्याच्या खूप खाली येणारा. आत्याचे यजमान रात्रपाळीला होते म्हणून वाचले. आत्या घरात होती. वडिलांनी तिथलं काय पाहिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. एकदाच म्हणाले, "दगड-मातीच्या भिंती, त्यावर ते ओझं. माणसाला उठायला तरी वेळ मिळायला हवा ना."

ती मुलगी दोन वर्षं माजघरात झोपली नाही. आजी तिच्यासोबत पडवीत झोपायची, जूनच्या झडीतसुद्धा, गोणपाटं बांधून. रस्त्यावरून एसटी गेली की ती आधी खळ्यात जायची आणि मग वळून बघायची.

नंतर मी मुंबईत नोकरी केली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची बातमीही तशीच पहाटेची. आदल्या दिवशी गणपती विसर्जन, लोक दमून झोपलेले, आणि पुन्हा त्याच जाड दगड-मातीच्या भिंती. कोयनेचा धक्का धरणात साठवलेल्या पाण्यामुळे बसला, असं जगभरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासून सांगितलं आहे. तो भाग अजूनही अधूनमधून हलतो. कोयनानगर आपल्यापासून सरळ रेषेत साठेक किलोमीटर, हे नकाशावर पट्टी ठेवून मीच मोजलं आहे.

आता थोडं घरचं. बायलॉजप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. यंदा आपण रंग काढला, कमान उभारली, दोन्ही झकास झाली आहेत. ऑडिटचा विषय मात्र "पुढील सभेत" गेला. सी विंगच्या जिन्याखालच्या खांबाची सळई गेली दोन वर्षं उघडी आहे. खाऱ्या वाऱ्यात ती किती फुगली ते जाता-येता बघा. परवा मी एकाला दाखवली, तर म्हणाला, "काका, ती पहिल्यापासून तशीच आहे, सवय झाली." मला आत्याचं पत्र आठवलं. म्हणून आज हा विषय घेतला.

काल बहिणीला फोन केला. हो, तीच. आता नातवंडांत असते. तुझं सांगू का म्हणून विचारलं. म्हणाली, "सांग, पण नाव घेऊ नकोस." मग विचारलं, "तुमच्या बिल्डिंगला जिने किती?" म्हटलं, प्रत्येक विंगला एक. "रुंद आहे ना?"

रुंद आहे म्हणून मी तिला सांगितलं आहे. तेव्हा बी विंगच्या मंडळींनी जिन्यातल्या सायकली आणि नारळांची पोती तेवढी या रविवारपर्यंत हलवावीत. मी स्वतः मदतीला येतो.