अनुभव नाही, म्हणून छापखान्याच्या दारातून परतू नका
(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



बारावी झालेला आपला मुलगा बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या छापखान्यात काम मागायला जातो. पहिलाच प्रश्न येतो, "अनुभव आहे का?" तो मान खाली घालून परततो आणि हंगाम लागला की आईबापांबरोबर ऊसतोडीला निघतो. या एका प्रश्नापायी शिकलेल्या मुलाच्या हाती पुन्हा कोयता यावा, हे आपल्याला परवडणारे नाही.

मित्रहो, छापखान्यातला अनुभव छापखान्यातच मिळतो. जावजी दादाजी चौधरी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर लागले. काम पाहत पाहत ते शिकले. १८६४ साली त्यांनी खिळे पाडण्याचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभा केला.

परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पुढे त्यांनी भारतभूषण हा स्वतःचा छापखानाही चळवळीला दिला. आपला विचार छापून घेण्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीवर राहू नये, ही त्यामागची दृष्टी होती. म्हणून मुद्रण हा आपल्यासाठी पोटाचा धंदा आहे, तसा चळवळीचा वारसाही आहे.

आज खिळे आणि ट्रेडल जवळजवळ गेले. संगणक, ऑफसेट आणि फ्लेक्स आले. तरी नवख्या माणसाला तीन गोष्टी आधीच शिकता येतात.

पहिली, मराठी टंकलेखन. युनिकोड आणि श्रीलिपी दोन्हींवर हात बसवा.

दुसरी, मुद्रितशोधन. ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरे नीट पाहणारा माणूस प्रत्येक छापखान्याला हवा असतो. जयंतीच्या पत्रिकेत महापुरुषाचे नाव चुकले, तर सगळा कागद वाया जातो.

तिसरी, कागदाचा हिशेब. ६४ पानांची स्मरणिका म्हणजे सोळा पानी ४ फॉर्म. एका प्रतीला ४ ताव लागले, तर ५०० प्रतींना २००० ताव, म्हणजे ४ रिम. वर थोडी नासधूस धरावी. हे तोंडी सांगणाऱ्या मुलाला मालक सहसा रिकाम्या हाताने पाठवत नाही.

सुरुवातीला फॉर्मच्या घड्या घालणे, शिलाई करणे, यंत्र पुसणे अशी कामे मिळतील. त्यात कमीपणा मानू नका. मात्र काम किती दिवस शिकायचे आणि पगार कधीपासून, हे पहिल्याच दिवशी ठरवा. फुकट राबणे म्हणजे शिक्षण नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात विद्यावेतनाची तरतूद आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन त्याची चौकशी करा.

आणखी एक विनंती. काम शिकण्याआधी कर्ज काढून यंत्र घेऊ नका. यंत्र बंद राहिले तरी हप्ता थांबत नाही. दोन-तीन वर्षे काम करा, गिऱ्हाईक ओळखा, मग महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडे अर्ज करा.

संस्थेच्या सभासदांनाही सांगणे आहे. आपल्या पत्रिका, पावतीपुस्तके आणि स्मरणिका छापायला देताना एका विद्यार्थ्याला प्रूफ वाचायला सोबत न्या. त्याचा पहिला अनुभव आपणच त्याला देऊ शकतो.

'अत्त दीप भव' हा तथागतांचा उपदेश ध्यानी ठेवून कामाला लागा, एवढे बोलून मी आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जयभीम!