पॅरासिटामॉल : परिचित गोळी आणि तिची मर्यादा

(हीरक महोत्सवानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



मराठी कुटुंब महाराष्ट्राबाहेर कोणत्याही शहरात स्थिरावलेले असो, त्याच्या घरातील औषधांचा डबा उघडला की बाम, ओवाअर्क, जखमेवरचे मलम यांच्या शेजारी पॅरासिटामॉलचे पाकीट सापडतेच. ताप आला, डोके दुखले, दाढ ठणकली, लस टोचल्यावर मूल किरकिरू लागले, की हात प्रथम तिकडे जातो. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, स्वस्त असते आणि बहुतेकांना मानवते. एवढ्या परिचयानंतर धाक उरत नाही, हे स्वाभाविक आहे.

योग्य मात्रेत घेतले तर पॅरासिटामॉल खरोखरच सुरक्षित औषध आहे. पोटाला ते फारसे बोचत नाही आणि रक्त गोठण्याच्या क्रियेत सहसा ढवळाढवळ करीत नाही. मात्रेची मर्यादा ओलांडली, तर मात्र हेच औषध यकृत निकामी करू शकते. ही मर्यादा ओलांडणारा माणूस प्रत्येक वेळी बेफिकीर असतो असे नाही. अनेकदा एकच औषध दोन-तीन निरनिराळ्या नावांनी पोटात जाते आणि त्याची बेरीज कोणीही केलेली नसते. आजच्या विषयाचे मर्म या बेरजेत आहे.

या औषधाचा इतिहासही बोधप्रद आहे. हार्मन मोर्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने १८७८ मध्ये ते प्रथम तयार केले. परंतु पुढे कित्येक दशके ते जवळजवळ दुर्लक्षितच राहिले. १९४८-४९ च्या सुमारास बर्नार्ड ब्रॉडी आणि ज्युलियस अ‍ॅक्सेलरॉड यांनी दाखवून दिले की, अ‍ॅसिटॅनिलाइड व फिनॅसिटिन या तापावरील जुन्या औषधांचे शरीरात पॅरासिटामॉलमध्ये रूपांतर होते आणि त्यांचा गुण मुख्यतः त्यामुळेच येतो. १९५६ मध्ये ब्रिटनमध्ये त्याच्या गोळ्या विक्रीस आल्या. अतिमात्रेमुळे यकृताच्या पेशी मरतात, हे सांगणारा लेख ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला तो १९६६ साली. म्हणजे लोकांच्या हाती गोळी आधी आली आणि तिच्या धोक्याची स्पष्ट जाणीव दहा वर्षांनी झाली.

तो धोका कसा उद्भवतो, हे समजून घेणे कठीण नाही. पोटात गेलेल्या पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग यकृत निरुपद्रवी पदार्थांत बदलते आणि तो लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग मात्र एका विषारी पदार्थात रूपांतरित होतो. यकृतातील ग्लुटाथायोन नावाचे द्रव्य त्या विषाला लगेच निष्प्रभ करते. मात्रा योग्य असेल तर हे काम बिनबोभाट चालते. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मोकळे राहिलेले विष यकृताच्या पेशींवरच आघात करते. दीर्घ उपवास, कुपोषण, कित्येक दिवस अन्न न जाणे यांमुळे हा साठा आधीच घटलेला असतो. नियमित मद्यपान करणाऱ्यांना आणि यकृताचा विकार असणाऱ्यांनाही धोका अधिक असतो.

प्रौढ माणसासाठी एका वेळची मात्रा ५०० ते १००० मिलिग्रॅम. दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे, शक्यतो सहा तासांचे अंतर असावे. चोवीस तासांतील एकूण मात्रा ४००० मिलिग्रॅमच्या पुढे जाता कामा नये. हे चोवीस तास मध्यरात्रीपासून मोजायचे नसतात. कोणत्याही क्षणी मागे वळून पाहिले असता गेल्या चोवीस तासांत किती औषध गेले, हे पाहायचे असते. ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांनी ही सीमा गाठली जाते. ६५० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्यांनी ३९०० मिलिग्रॅम होतात. शिवाय ही कमाल मर्यादा आहे, रोजचे प्रमाण नव्हे. ज्यांचे वजन पन्नास किलोपेक्षा कमी आहे, जे वृद्ध व अशक्त आहेत, ज्यांना यकृताचा विकार आहे किंवा जे रोज मद्य घेतात, त्यांची मर्यादा याहून खाली असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी.

आता एका घरातील एका दिवसाची कल्पना करावी. वडिलांना ताप आहे. त्यांनी ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतली : २६०० मिलिग्रॅम. नाक वाहते म्हणून दुकानातून सर्दीची गोळी आणली. तिच्यात ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे आणि ती तीन वेळा घेतली : १५०० मिलिग्रॅम. कंबरदुखीसाठी पूर्वीपासून चालू असलेल्या जोडगोळीत अ‍ॅसेक्लोफेनॅकबरोबर ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे आणि ती दोन वेळा घेतली : ६५० मिलिग्रॅम. बेरीज ४७५० मिलिग्रॅम झाली. तीन औषधे, तीन दुखणी आणि प्रत्येक औषध आपापल्या परीने योग्य मात्रेत! तरीही मर्यादा ओलांडली गेली आणि घरात कोणालाही चूक झाल्याची शंकासुद्धा आली नाही.

हे टाळायचे तर पाकिटावरील ठळक व्यापारी नाव वाचून थांबता येत नाही. आतील घटकांची ओळ वाचावी लागते. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही नावे वेगळी असली तरी त्यांच्या साध्या गोळ्यांतील औषध एकच आहे. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेनच्या जोडीला पॅरासिटामॉल असते. डोकेदुखीसाठी जुन्या पिढीच्या ओळखीच्या सॅरिडॉनमध्येही ते असते. सर्दी-पडशाच्या, अंगदुखीच्या, मासिक पाळीतील वेदनांच्या अनेक औषधांत ते सोबतीला बसलेले असते. दुकानदार दोन-चार गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव व मुदत छापलेला भाग अनेकदा त्याच्याकडेच राहतो. अशा वेळी तो भाग मागून घ्यावा, निदान नाव व मात्रा कागदावर लिहून घ्यावी.

परदेशी राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आणखी एक सूचना आवश्यक आहे. अमेरिकेत या औषधाला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. पॅरासिटामॉल आणि अ‍ॅसिटामिनोफेन ही दोन्ही नावे एकाच रासायनिक नावातील अक्षरे वेचून बनलेली आहेत. मुलाने तिकडून आणलेल्या टायलेनॉलच्या बाटलीत तेच औषध असते, जे इकडच्या पाकिटात आहे. परदेशी गोळी वेगळी असावी या समजुतीने दोन्ही एकत्र घेतल्यास मात्रा दुप्पट होते.

मुलांच्या बाबतीत हिशेब वयापेक्षा वजनावर अधिक अवलंबून असतो. सर्वसाधारणपणे दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम ही एका वेळची मात्रा. दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. बारा किलो वजनाच्या मुलासाठी एक मात्रा १२० ते १८० मिलिग्रॅम होते. खरा घोटाळा यापुढे होतो, कारण बाटल्या एकसारख्या नसतात. एका पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतात, दुसऱ्याच्या तेवढ्याच भागात २५०, तर तान्ह्या मुलांच्या थेंबांच्या बाटलीत प्रत्येक मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम असतात.

गावाकडून आजी काळजीने फोनवर सांगते, “एक चमचा दे.” तिच्या अनुभवात एक चमचा बरोबरच असतो, पण तो कोणत्या बाटलीतला, हे तिला दूरवरून दिसत नाही. पहिल्या बाटलीतून ५ मिलिलिटर दिले तर या मुलाला १२० मिलिग्रॅम मिळतात. थेंबांच्या बाटलीतून तेवढेच दिले तर ५०० मिलिग्रॅम जातात. म्हणून डॉक्टरांनी मात्रा सांगितली की ती मिलिलिटरमध्ये आणि बाटलीच्या नावासह लिहून घ्यावी. स्वयंपाकघरातील चमचा वापरू नये. बाटलीसोबतचे मापाचे झाकण, ड्रॉपर किंवा सिरिंज वापरावी. एका बाटलीचा ड्रॉपर दुसरीला लावू नये.

रात्री मूल तापाने फणफणते तेव्हा आई एकदा औषध देते. तासाभराने जागे झालेले वडील, न दिल्याच्या समजुतीने, पुन्हा देतात. यासाठी बाटलीशेजारी कागद ठेवून वेळ व मात्रा लिहिण्याची सवय लावावी. तापमापकातील आकडा खाली आणणे हा उपचाराचा हेतू नसतो. मुलाची अस्वस्थता कमी करणे हा असतो. शांत झोपलेल्या मुलाला केवळ मात्रेची वेळ झाली म्हणून उठविण्याची गरज नाही. तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. क्लोरफेनिरामिन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण असलेली सर्दीची औषधे चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये दिला. अशा मिश्रणांत पॅरासिटामॉलही पुष्कळदा असते.

या सर्व खबरदारीमुळे पॅरासिटामॉल टाळून दुसरे काहीतरी घ्यावे, असा निष्कर्ष कोणी काढू नये. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल, तर तापासाठी पॅरासिटामॉलच योग्य ठरते. अ‍ॅस्पिरिन व आयबुप्रोफेन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड बारा वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. मात्र ताप तीन दिवसांपलीकडे टिकला, किंवा वेदनेसाठी रोजच गोळी लागू लागली, तर गोळीने दुखणे झाकले जात आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

मात्रा जास्त झाल्याचे लक्षात आले तर काय करावे? येथे सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पहिल्या दिवसाची शांतता. थोडी मळमळ, एखादी उलटी, कधी तेवढेही नाही, माणूस हिंडतो-फिरतो. यकृताला झालेली इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होते. म्हणून लक्षणांची वाट न पाहता लगेच मोठ्या रुग्णालयात जावे. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये. पाकीट किंवा बाटली सोबत न्यावी आणि शेवटची मात्रा केव्हा घेतली ते सांगावे. या विषबाधेवर एन-अ‍ॅसिटिलसिस्टिन हा प्रभावी उतारा आहे. औषध पोटात गेल्यापासून आठ तासांच्या आत तो सुरू झाला तर यकृत वाचण्याची शक्यता फार मोठी असते. उशीर झाला तरी जाणे व्यर्थ नसते.

अतिमात्रा नेहमी अजाणतेपणीच होते असे नाही, हे कटू सत्यही पालकांनी नजरेआड करू नये. ब्रिटनने १९९८ मध्ये कायद्याने एका पाकिटातील गोळ्यांची संख्या मर्यादित केली : औषधाच्या दुकानात ३२ आणि इतरत्र १६. घरात साठा कमी असणे, हेही एक संरक्षण आहे. घरात कोणी निराशेने खचलेले असेल, तर औषधे कुलपात ठेवावीत, त्या व्यक्तीशी मोकळेपणाने बोलावे आणि टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मदत मागावी.

या शाळेने साठ वर्षे मुलांना वाचायला आणि बेरीज करायला शिकविले. घरातल्या या गोळीसाठी त्याहून मोठी विद्या लागत नाही : घटकांची ओळ वाचावी आणि चोवीस तासांची बेरीज करावी. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने औषधांचा डबा एकदा उघडावा, ज्या ज्या पाकिटावर पॅरासिटामॉल हे नाव आढळेल त्यावर पेनाने ठळक खूण करावी आणि कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवून त्यावर घरातील प्रत्येक मुलाचे वजन व डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा लिहून ठेवावी. वजन वाढेल तसा तो कागद बदलावा.