पहिली वीस मिनिटे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात चिखली येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी आम्हास चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थ्यांचा निधी अशा विषयांवर अधिकारी वक्ते आजवर बोलत आले आहेत. आमचा कोणत्याच विषयात अधिकार नाही. एका दुःखाचा अनुभव मात्र आमच्यापाशी आहे. तो आपणांपैकी कोणाच्याही वाट्यास येऊ नये, एवढ्याच हेतूने तो येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे. घरातील गोष्ट चारचौघांत सांगावी की न सांगावी, याचा आम्ही बराच विचार केला. न सांगण्यात आमची अब्रू राहील. पण सांगण्यात एखाद्या बालकाचा हात राहील, असे मनास पटले, म्हणून उभे राहिलो आहोत.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र महिना होता. रेणुकादेवीच्या यात्रेचे दिवस असल्यामुळे घर पाहुण्यांनी भरलेले होते. आमची धाकटी कन्या तेव्हा सतरा महिन्यांची होती. नुकतीच धरून धरून चालू लागली होती. सकाळी आम्ही बैठकीत वर्तमानपत्र वाचीत होतो. चहाचा कप हातात आला, तो आम्ही समोरच्या टीपॉयवर ठेविला. टीपॉयवर पाहुण्यांसाठी म्हणून नवे भरतकामाचे आच्छादन अंथरले होते. त्याचे टोक खाली लोंबत होते. पोरीने उभे राहण्यासाठी ते टोक धरले. पुढे काय झाले हे सांगावयास नको. उजव्या हातावर, मनगटावर आणि छातीच्या काही भागावर तो वाफाळलेला चहा सांडला. त्या किंकाळीचा आवाज आजही भांडे पडल्याच्या आवाजासरशी आमच्या कानांत उठतो.

त्यानंतरच्या पाऊण तासात आमच्या घरात जे घडले, ते आम्ही लपविणार नाही. आम्ही पोरीस उचलून न्हाणीकडे धावलो आणि नळ सोडला. इतक्यात शेजारच्या काकू धावत आल्या. "पाणी नका टाकू, फोडं येतील!" असे त्या कळवळून म्हणाल्या आणि आम्ही नळ बंद केला. आमच्या मातोश्रींनी हळद आणि तूप आणले. एका पाहुण्यांनी टूथपेस्ट सुचविली, तीही लावून झाली. अंगावरचे चहाने भिजलेले झबले तसेच राहिले. हातातील मनगटी काढण्याचे कोणास सुचले नाही. या सर्व मंडळींच्या मायेविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. परंतु माया आणि ज्ञान या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे त्या दिवशी आम्हास कळले.

दवाखान्यात पोहोचल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी किती वेळ घातले?" आम्ही खाली पाहिले. त्यांनी एका शब्दाने आम्हास दोष दिला नाही. प्रथम पोरीस वेदनाशामक औषध दिले, मग तो हळदतुपाचा आणि पेस्टचा थर धुऊन काढला, सुजू लागलेल्या हातावरची मनगटी कापून काढली, आणि सांगितले की मुलाच्या बोटांसह त्याचा एक तळहात म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे एक शतांश भाग समजावा. त्या मापाने पोरीचे सहा तळहात भाजले होते. हात आणि सांधा यांवरची इजा असल्यामुळे त्यांनी आम्हास मोठ्या शहरी जाण्याचा सल्ला दिला. जालन्यावरून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा तो रस्ता त्या दुपारी सरता सरत नव्हता.

पुढे रुग्णालयातील मुक्कामात आम्ही जे शिकलो, ते थोडक्यात निवेदन करतो. चुलीखालचा जाळ ओढला तरी पातेल्यातील भात काही वेळ आतल्या आत शिजतच राहतो. कातडीचे तसेच आहे. चहा पुसून टाकला तरी त्याची उष्णता आत आत उतरत राहते आणि जी कातडी वाचण्याजोगी असते तीही करपते. ही आतली उष्णता काढून घेणारा एकच सुलभ उपाय आहे, तो म्हणजे वाहते थंड पाणी, आणि तेही तब्बल २० मिनिटे. इजा झाल्यापासून तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. पण जितके लवकर तितके उत्तम. बर्फ मात्र लावू नये, त्याने कातडीस दुसरी इजा होते. भिजलेले कपडे, वाळे, मनगट्या, करदोटा हे लगेच काढावे. कपडा चिकटला असेल तर तो न ओढता भोवतीचा कापावा. उरलेले अंग कोरड्या वस्त्रात उबदार ठेवावे, कारण लहान मूल लवकर गारठते. फोड फोडू नयेत. पाणी घातल्यानंतर स्वच्छ कापड सैल झाकावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. तोंड, हात, पाय, सांधे किंवा गुप्तांग भाजले असेल, अथवा दहा तळहातांहून अधिक भाग भाजला असेल, तर विलंब मुळीच करू नये.

कोणी म्हणेल, चैत्र-वैशाखात पिण्याच्या पाण्याची ओढ असता २० मिनिटे पाणी कोठून आणावे? ही शंका आपल्या भागात खरी आहे. त्यावर उत्तर असे की लोट्याने सावकाश धार धरावी. आणि तेवढेही पाणी नसेल तर स्वच्छ फडकी ओली करून ती वारंवार बदलीत राहावी. साठविलेल्या पाण्याचा याहून मोठा सदुपयोग दुसरा कोणता?

पाण्याने फोड येतात ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. फोड येतात ते भाजण्याने. पाणी घातले नसते तरी ते आलेच असते. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. आपल्या सुश्रुताचार्यांनी भाजण्याचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार वर्णिले. इजेची खोली पाहून उपचार ठरवावा, हे त्यांचे तत्त्व आजही वैद्यकास मान्य आहे. परंतु किंचित भाजल्यास त्यांनी शेक व उष्ण उपचार सांगितले, ते मात्र पुढील काळाच्या अनुभवास उतरले नाहीत. पूर्वाचार्यांचा आदर म्हणजे त्यांचे निरीक्षण पुढे चालविणे. त्यांच्या प्रत्येक वाक्यास कवटाळून बसणे नव्हे.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. मुंबईच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी १९८० नंतरच्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरून पाहिली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास करून तो २००३ साली प्रसिद्ध केला. साल काय किंवा पान काय, दोन्ही वस्तू गरिबाच्या घरच्या. ओल्या जखमेस ती चिकटत नाही, म्हणून पट्टी बदलताना वेदना कमी होतात. पण लक्षात घ्यावे की ही पट्टी निर्जंतुक करून, धुतलेल्या जखमेवर, जाणत्या हातांनी लावली जात असे. "बटाटा चालतो" एवढेच ऐकून घरी कच्चा बटाटा किसून लावणे हे त्या संशोधनाचे अनुकरण नव्हे, विडंबन आहे.

आता जे सांगावयाचे ते आम्हास अधिक जड जाते. रुग्णालयातील पहिल्या रात्री पोर औषधाच्या गुंगीत कण्हत होती. तिची आई उशाशी बसली होती. आम्ही तिला म्हणालो, "तुझे लक्ष कुठे होते?" ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नातलगांचे फोन आले. प्रत्येकाने तेच विचारले, "आई काय करीत होती?" बाप काय करीत होता, हे कोणीही विचारले नाही.

जखमेची पट्टी बदलण्याचा प्रसंग एक दिवसाआड येई. अर्धा तास आधी वेदनेचे औषध देत, तरी पांढरा झगा दिसताच पोर अंग आक्रसून घेई. आम्ही पहिल्या दोन वेळा औषधे आणण्याचे निमित्त काढून बाहेर गेलो. तिची आई मात्र तिला मांडीवर घेऊन, तोंडाशी तोंड लावून, यात्रेतल्या पाळण्याच्या गोष्टी सांगत बसे. तिसऱ्या वेळी परिचारिका कागदावर माहिती भरीत होत्या. "कप कोणी ठेवला होता?" त्यांनी विचारले. "टीपॉयवर होता," असे मुलीची आई म्हणाली. कोणी ठेविला, हे तिने सांगितले नाही.

श्रोतेहो, त्या एका वाक्याने आमची मान कायमची खाली गेली. "मी ठेवला होता," असे आम्ही त्या परिचारिकेस सांगितले, आणि त्या दिवसापासून पट्टी बदलताना पोरीचे पाय आम्ही धरू लागलो. त्यानंतर आमच्या घरातील ते दहा दिवसांचे मौन सुटले. पोर आम्हा दोघांच्याही आवाजाने थोडी थोडी शांत राहू लागली. मूल वेदना सोसते तेव्हा त्यास दोन माणसांचा धीर लागतो. त्या दोघांतील एकाने दुसऱ्यास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, तर त्या धीराचा निम्मा वाटा मुलाच्या वाट्यातून जातो.

छातीवरची आणि दंडाकडची जखम दोन आठवड्यांत भरून आली. मनगटावरची आली नाही, म्हणून मांडीची पातळ कातडी काढून तेथे बसवावी लागली. पहिली २० मिनिटे पाणी घातले असते तर हे टळले असते काय? हा प्रश्न आम्ही डॉक्टरांस विचारला. निश्चित सांगता येत नाही, असे ते म्हणाले. त्या अनिश्चिततेसह आम्हास जगावयाचे आहे. घरी आल्यावर दुसरे पर्व सुरू झाले. बोटे आखडू नयेत म्हणून रात्री हातास आधाराची पट्टी, दिवसा घट्ट मोजा, सकाळ-संध्याकाळ खोबरेल तेलाचे मर्दन, उन्हापासून जपणूक, आणि कंड सुटून रात्र रात्र जागरण. हे सर्व वर्षाहून अधिक काळ चालले. जखम भरली म्हणजे उपचार संपले, असे मानणाऱ्यांची मुले पुढे वाकड्या बोटांची होतात. आमची कन्या आज त्याच हाताने पाटीवर अक्षरे गिरविते. मनगटावरचा वण आहे. कोणी विचारले तर ती सांगते, "चहा सांडला होता." ती कोणाचे नाव घेत नाही. आईवर गेली आहे.

जगात दरवर्षी भाजण्याने अंदाजे १,८०,००० माणसे मृत्यू पावतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यांतील बहुसंख्य आपल्यासारख्या देशांतील आहेत. बालकांची कातडी पातळ असते. ६० अंश सेल्सिअस उष्ण पाणी प्रौढास सुमारे ५ सेकंदांत खोल भाजते. बालकास त्याहूनही थोडा वेळ पुरतो. म्हणून आमची विनंती अगदी साधी आहे. मूल मांडीवर असता चहा घेऊ नये. लोंबते आच्छादन काढून टाकावे. पातेल्याचे दांडे आत वळवावे. स्नानासाठी बादलीत आधी थंड पाणी घालावे, मग उष्ण, आणि कोपर बुडवून पाहिल्याविना मुलास पाणी घालू नये.

मंडळासही दोन सूचना करतो. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्यांस स्वतःची कातडी अपुरी पडते, तेव्हा दान मिळालेली कातडी तात्पुरते पांघरूण होऊन प्राण वाचविते. त्यासाठी शीव येथील रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत हे दान करता येते. नेत्रदानाचे संकल्प आपण भरून घेतो, त्याच कागदावर त्वचादानाची एक ओळ वाढवावी.

दुसरी सूचना आजचीच आहे. सायंकाळच्या पंगतीसाठी या मंडपामागे भट्ट्या पेटल्या आहेत. वरणाची आणि तेलाची भांडी जमिनीलगत आहेत, आणि भाषणे लांबली म्हणून कंटाळलेली आपली लेकरे त्याच बाजूस खेळावयास गेली आहेत. आम्ही येथे येताना पाहिले, तेथे दोरी बांधलेली नाही. स्वयंसेवकांपैकी दोघांनी आत्ताच उठावे, भट्ट्यांभोवती दोरी बांधावी आणि पाण्याने भरलेली दोन पिंपे तेथे ठेवावी. टाळ्या नंतर वाजविल्या तरी चालतील. ते दोघे परत येईपर्यंत आम्ही थांबतो.