युद्धवाहनांचे दुसरे आयुष्य

(एका व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



'डिस्पोजलची जीप' हा शब्दप्रयोग आपल्यातील ज्येष्ठ मंडळींच्या कानांवरून नक्कीच गेला असेल. दुसरे महायुद्ध संपले आणि सैन्याला नकोशा झालेल्या जीपगाड्या लिलावात निघाल्या. कुणा बागाईतदाराने घेतली, कुणा कंत्राटदाराने घेतली, आणि युद्धासाठी जन्मलेली ती गाडी बांधावर, खाणीवर, घाटात मुकाट्याने राबू लागली. पुढे १९४७ मध्ये मुंबईत महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी सुरू केली, हाही इतिहास आपल्या परिचयाचा आहे. आज मात्र मला जीपविषयी नव्हे, तिच्या एका दुर्लक्षित भावंडाविषयी बोलायचे आहे. हे भावंड चाकांवर नव्हे, पट्ट्यांवर चालते. आपल्याकडे 'पट्टेवाला' म्हटले की कचेरीतला शिपाई डोळ्यांसमोर येतो. म्हणून आपण त्यांना 'पट्टावाहने' म्हणू.

पट्टा म्हटला की आपल्याला रणगाडा आठवतो. पण हा पट्टा मुळात रणगाड्याचा नव्हे, शेतकऱ्याचा. कॅलिफोर्नियातील स्टॉक्टनजवळची जमीन इतकी भुसभुशीत होती की वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तीत रुतून बसत. १९०४ मध्ये बेंजामिन होल्ट यांनी तेथे चाकांच्या जागी पट्टे बसवून ट्रॅक्टर चालवून पाहिला आणि तो चालला. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी होल्ट ट्रॅक्टर तोफा ओढण्यास नेले आणि त्यांच्याकडे पाहूनच काही अधिकाऱ्यांच्या मनात रणगाड्याची कल्पना रुजली. म्हणजे सैन्याने शेतातून उचललेली वस्तू पुढे समाजाकडे परत आली, असे म्हणावयास हरकत नाही.

यातले विज्ञान सोपे आहे. मोटारीचा सारा भार चार तळव्यांएवढ्या जागेवर पडतो. जीपच्या टायरखाली दर चौरस सेंटिमीटरला दीड-दोन किलो भार सहज येतो. माणूस दोन्ही पायांवर उभा राहिला तर तो सुमारे दीडशे ते दोनशे ग्रॅम असतो, आणि चालताना एक पाय उचलला की दुप्पट होतो. मी ज्या वाहनांविषयी बोलणार आहे, त्यांचा भार दर चौरस सेंटिमीटरला केवळ सव्वाशे-दीडशे ग्रॅम! जेथे माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो, तेथून दोन-चार टनांचे वाहन माणसे घेऊन निघून जाते. रणगाडा ताकदीच्या बळावर चिखल तुडवतो. ही वाहने हलकेपणाच्या बळावर त्यावरून जातात, आणि हा हलकेपणाच त्यांना युद्धानंतरही उपयोगी पडला.

१९४२ साल. नॉर्वे जर्मनांच्या ताब्यात होता. जेफ्री पाइक नावाच्या एका विक्षिप्त पण कल्पक ब्रिटिश गृहस्थाने योजना मांडली की, बर्फावर वेगाने धावणारी छोटी वाहने विमानातून उतरवावीत आणि मूठभर सैनिकांनी नॉर्वेतील जलविद्युत केंद्रे उद्ध्वस्त करावीत. ही कल्पना ज्यांनी उचलून धरली ते अधिकारी म्हणजे लॉर्ड माउंटबॅटन, जे पाच वर्षांनी आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले! वाहन बांधण्याचे काम अमेरिकेतील स्टुडेबेकर या मोटार कंपनीकडे गेले. कॅनडातील हिमनदीवर चाचण्या झाल्या. प्रत्यक्ष नॉर्वेची मोहीम मात्र त्याच वर्षी रद्द झाली. मोहीम गेली, पण वाहन राहिले. 'वीझल' या नावाने त्याच्या सुमारे पंधरा हजार प्रती निघाल्या आणि त्या इटलीत, हॉलंडच्या पाणथळ किनाऱ्यावर, पुढे प्रशांत महासागरातील बेटांवर दारूगोळा नेण्यास व जखमींना आणण्यास उपयोगी पडल्या.

युद्ध संपल्यावर या हजारो वीझलांचे करायचे काय, हा प्रश्न होता. उत्तर दिले वैज्ञानिकांनी. फ्रेंच संशोधक पॉल-एमिल व्हिक्तोर यांनी १९४८ पासून ग्रीनलंडमध्ये मोहिमा नेल्या, त्या वीझलांच्या आधारावर. बर्फात लहान स्फोट घडवायचा, त्याचा प्रतिध्वनी तळच्या खडकावरून परत येण्यास किती वेळ लागतो ते मोजायचे, आणि त्यावरून हिमस्तराची जाडी काढायची, अशी पद्धत होती. त्या मोजमापांतून ध्यानात आले की ग्रीनलंडच्या मध्यभागी बर्फ सुमारे तीन किलोमीटर जाड आहे आणि त्याखालची भूमी काही ठिकाणी समुद्रसपाटीच्याही खाली आहे. नॉर्वे, ब्रिटन व स्वीडन या तीन देशांच्या संयुक्त अंटार्क्टिक मोहिमेने (१९४९ ते १९५२) हेच काम दक्षिण ध्रुवखंडावर केले. आज ध्रुवांवरील बर्फ वितळण्याची जी चर्चा आपण वर्तमानपत्रांत वाचतो, तिला लागणाऱ्या हिमजाडीच्या मोजमापांचे बरेच आरंभीचे काम या टाकाऊ ठरलेल्या लष्करी गाड्यांतून झाले. वीजकेंद्रे उडविण्यासाठी कल्पिलेल्या वाहनाच्या वाट्याला हे काम आले!

पण हे दुसरे आयुष्य फुकट मिळत नाही, हेही सांगितले पाहिजे. २४ फेब्रुवारी १९५१ रोजी याच संयुक्त मोहिमेतील एक वीझल धुक्यात तळाजवळच फिरत होता. हिमकड्याचा एक भाग तुटून समुद्रात गेला होता, तो चालकाला दिसला नाही. वाहन सरळ पाण्यात कोसळले. चौघांपैकी तिघे बुडाले. चौथा पोहत एका हिमखंडावर चढला आणि कित्येक तासांनी वाचविला गेला. वाहन कितीही हलके असले तरी चालकाचे प्रशिक्षण आणि वाटेची पाहणी यांना पर्याय नाही. त्यातून वीझलाचे पट्टे लवकर झिजत, निसटत. ध्रुवीय मोहिमांचे अहवाल वाचले तर शास्त्रज्ञांचा किती वेळ पाना हातात घेऊन बर्फात बसण्यात गेला, याचीच कल्पना येते.

सोव्हिएत रशियाने वेगळा मार्ग घेतला. तेथे तोफा ओढणारा एक अवजड ट्रॅक्टर होता, टी-५४ रणगाड्याच्या भागांवर आधारलेला. १९५८-५९ च्या सुमारास खारकोव्हच्या कारखान्याने त्यावर चक्क एक घर चढविले. त्यात झोपायच्या फळ्या होत्या, स्वयंपाकाची सोय होती, आणि इंजिन आतूनच दुरुस्त करता येई. या 'खारकोव्हचांका' डिसेंबर १९५९ मध्ये व्होस्तोक तळावरून निघून दक्षिण ध्रुवावर पोहोचल्या. सुमारे ३५ टन वजनाचे ते धूड! हलकेपणाचा नियम येथे मोडला होता, हे मान्य करतो, पण घट्ट बर्फावर ते चालून गेले.

या वाहनांची खरी परंपरा मात्र स्वीडनने जोपासली. उत्तर स्वीडनमध्ये हिवाळ्यात बर्फ आणि उन्हाळ्यात दलदल. युद्धानंतर त्यांनी वीझल विकत घेतले आणि ते जुने होताच स्वतःचे वाहन घडविले. व्होल्वोच्या त्या वाहनाचे दोन डबे होते, मध्ये वळणारा सांधा, आणि पट्टे दोन्ही डब्यांना. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश मरीन सैनिकांनी हीच वाहने तेथील दलदलीतून नेली. १९८० पासून हेग्लुंड्स कंपनीचे बीव्ही २०६ निघू लागले. यात सतरा माणसे बसतात, ते पाण्यावर तरंगते, आणि पट्टेच वल्ह्यांचे काम करतात. अकरा हजारांहून अधिक वाहने बनली आणि अनेक देशांच्या सैन्यांनी ती घेतली.

सैन्यांनी ती निवृत्त केली तेव्हा काय झाले? आइसलंडच्या स्वयंसेवी बचावपथकांकडे ती आहेत. ब्रिटनच्या काही अग्निशमन दलांनी पूर आणि माळरानावरील वणव्यांसाठी घेतली. स्वीडनमध्ये २०१४ आणि २०१८ च्या भीषण वणव्यांत, जेथे बंब पोहोचत नव्हता तेथे पाण्याचे पाइप व माणसे घेऊन हीच वाहने गेली. वादळानंतर तुटलेल्या विजेच्या तारा जोडण्यास दलदलीतून वायरमन यांतूनच जातात. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या अंटार्क्टिक तळांवर तर ती रोजच्या वापरात आहेत. तेथे ती मुळातच नागरी कामासाठी नवी घेतली गेली.

एका गोष्टीकडे मी अभियंता म्हणून आपले लक्ष वेधतो. वीझलाचे इंजिन स्टुडेबेकरच्या प्रवासी मोटारीचे होते. स्वीडिश वाहनात व्होल्वो मोटारीचे इंजिन, बीव्ही २०६ मध्ये आरंभी फोर्ड मोटारीचे. म्हणून निवृत्तीनंतरही गावच्या मेकॅनिकला ते उघडता आले, सुटे भाग मिळाले. ज्या लष्करी वाहनाचे प्रत्येक अंग खास आणि गुप्त असते, ते सेवेतून उतरताच भंगारात जाते. आपल्या जोंगाचेच पाहा. जबलपूरच्या कारखान्यात ती गाडी १९९९ पर्यंत बनली, लष्कराच्या लिलावांतून लोकांनी घेतली. आज ती हौशी माणसांच्या प्रेमावर जगते, कोणत्याही योजनेवर नव्हे.

हे सारे आज सांगण्याचे कारण असे. २०२५ मध्ये भारतीय लष्कराने बीव्हीएस १० या वाहनाच्या 'सिंधू' या भारतीय आवृत्तीसाठी लार्सन अँड टुब्रोशी करार केला. हे वाहन बीव्ही २०६ च्याच कुळातले, पण चिलखती. उत्पादन गुजरातेत हाजिरा येथे, आरेखनाचे साहाय्य स्वीडनचे. उंच हिमप्रदेशापासून कच्छच्या रणापर्यंत चालेल असे वाहन लष्कराला हवे होते. योगायोग असा की लार्सन आणि टुब्रो हे दोघे डॅनिश अभियंते. १९३८ मध्ये मुंबईत त्यांनी ही कंपनी काढली, आणि आता स्कँडिनेव्हियातलेच एक वाहन तिच्या हातून भारतीय होत आहे.

सीमेवरील गरज प्रथम, याबद्दल दुमत नाही. पण आपल्याकडे दरडी कोसळतात, खाड्यांचे चिखल आहेत, महापुरानंतर गावाभोवती दिवसेंदिवस गाळ साचून राहतो. होडी चालत नाही आणि ट्रकही चालत नाही, अशी ती स्थिती असते. २०२४ मध्ये वायनाडच्या दरडीनंतर लष्कराने बेली पूल उभारला, तेव्हा कुठे अवजड यंत्रे पलीकडे गेली. अशा वेळी चिलखत नसलेले, हलके पट्टावाहन आपत्ती निवारण दलाकडे असावे काय? असल्यास ते नव्याने घ्यावे, की लष्करासाठी उभ्या राहणाऱ्या याच कारखान्यातून, तेच पट्टे, तोच सांधा, तेच सुटे भाग वापरून घडवावे? माझे मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकते. पट्टे रबराचे, महागडे, आणि झिजणारे असतात. ते परदेशातून मागवावे लागले तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच वाहन शेडमध्ये उभे राहील. चालक तयार करण्यासही हंगाम लागतात. हा विचार उत्पादन सुरू होतानाच करावयाचा असतो. वीस-पंचवीस वर्षांनी लिलावाची जाहिरात निघाल्यावर नव्हे.

अध्यक्ष महोदयांनी मघाशीच घड्याळाकडे पाहिले आहे. कोकणातील खाजणांत असे वाहन चालेल काय, असे एका बंधूंनी प्रारंभीच चिठ्ठीतून विचारले होते. चालेल, पण खारे पाणी त्याच्या बेअरिंगांचा वैरी आहे. दर फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवावे लागेल. उरलेले प्रश्न आपण चहाच्या वेळी घेऊ.