पकलची बंदूक

इ. स. १७१८ मध्ये लंडनच्या जेम्स पकल नावाच्या वकिलाने एका विलक्षण बंदुकीचे पेटंट मिळविले. तिपाईवर एकच नळी आणि तिच्यामागे हाताने फिरविण्याचे, अनेक बार ठासलेले नळकांडे, अशी तिची रचना होती. ख्रिस्ती शत्रूंवर गोल आणि तुर्कांवर चौकोनी गोळ्या झाडाव्यात, अशीही त्यात योजना होती! १७२२ साली भर पावसात तिने सात मिनिटांत ६३ बार काढले. तरीही लष्कराने ती स्वीकारली नाही. घडण किचकट, भिस्त चकमकीच्या ठिणगीवर. कल्पना पुढे धावली, कारागिरी मागे राहिली. फिरत्या नळकांड्याचे तत्त्व सफल झाले ते १८३६ मध्ये पेटंट मिळालेल्या सॅम्युएल कोल्टच्या पिस्तुलात. शत्रूच्या धर्मावरून गोळीचा आकार ठरविणारी ती बुद्धी मात्र यंत्राहूनही चमत्कारिक म्हटली पाहिजे.