शंभर गाड्या आणि एक शब्द

मुलांच्या गोष्टींत ताकदवानाची बहुधा फजिती होते. पंचतंत्रातला सिंह सशाच्या नादी लागून विहिरीत उडी घेतो. चिमणीची अंडी फोडणारा हत्ती सुतारपक्षी, माशी आणि बेडकाच्या युक्तीपुढे प्राणाला मुकतो. पण बळाला हरवणं वेगळं आणि बळाला आपलंसं करणं वेगळं. हे दुसरं शिकवणारी एक गोष्ट पाली जातककथांत आहे आणि मला ती फार मोलाची वाटते.

तक्षशिलेच्या एका ब्राह्मणाकडे नंदिविशाल नावाचा बैल होता. लहानपणापासून पेज-भात खाऊ घालून त्याने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. हे पांग फेडावेत म्हणून बैलच एकदा म्हणाला, ‘हजार नाण्यांची पैज लाव. माझा बैल भरलेल्या शंभर गाड्या ओढील, म्हणून सांग.’

वाळू, खडी, दगडांनी भरलेल्या शंभर गाड्या एकामागे एक बांधल्या. ब्राह्मण पुढे बसला, पराणी उगारली आणि ओरडला, ‘ओढ, लबाडा!’ बैलाने चारी पाय खांबासारखे रोवले. गाडी तसूभरही हलली नाही.

पैज हरून ब्राह्मण घरी येऊन पडून राहिला. बैल जवळ गेला. ‘इतकी वर्षं तुझ्या घरात आहे. कधी मडकं फोडलं? कुणाला रेटलं? नको तिथे घाण केली?’

‘नाही रे, बाळा.’

‘मग मला लबाड का म्हणालास? आता दोन हजारांची पैज लाव. फक्त तो शब्द उच्चारू नकोस.’

या वेळी ब्राह्मणाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, ‘ओढ, माझ्या राजा’ म्हणाला. पहिली गाडी उभी होती तिथे शेवटची येऊन थांबली.

त्या हाताचा अर्थ आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं, तोच खांदा पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला तो हळद-लोण्याने चोळतो.

‘गोड बोलावं’ एवढं तात्पर्य काढून आपण मोकळे होतो. पण बैल कसा वागला ते पाहा. त्याने शिंग उगारलं नाही, गाड्या उलथल्या नाहीत आणि अपमान मुकाट गिळलाही नाही. तो जागचा हलला नाही, आणि मग त्याने जाब विचारला. सौम्य माणसालाही ‘नाही’ म्हणता येतं, हे मुलांना इथे कळतं.

आणि ब्राह्मणाचं प्रेम खोटं नव्हतं. चार लोकांसमोर, पैजेच्या ताणात त्याची जीभ घसरली. आपणही मुलांवर जीव टाकतो आणि निकालाच्या दिवशी पाहुण्यांदेखत त्यांना ‘गाढव’ म्हणून बसतो. म्हणून ही गोष्ट सांगताना बैलाचे प्रश्न घाईने उरकू नका. उद्या आपल्या मुलाने तसंच काही विचारलं, तर ब्राह्मणाइतकं खरं उत्तर देण्याची तयारी आपलीही असावी.