जीर्णोद्धार म्हणजे काय?

(महोत्सवाच्या सभेत झालेले भाषण)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही शिरसावंद्य मानतो. आनंदाच्या दिवशी ओल, वाळवी आणि चुना यांविषयी बोलावे हे कोणास विचित्र वाटेल. परंतु महोत्सव आला की वर्गणी जमते, वर्गणी जमली की जुन्या भिंतींकडे लक्ष जाते, आणि पन्नास पावसाळ्यांनी जे नुकसान केले नाही ते पुष्कळदा एका उन्हाळ्यातील दुरुस्ती करून जाते. म्हणून हा विषय आजच बोलावयाचा आहे.

आपल्या भाषेत ‘जीर्णोद्धार’ असा एक सुंदर शब्द आहे. जे जीर्ण झाले त्याचा उद्धार, म्हणजे त्यास वर उचलून धरणे, हा त्याचा सरळ अर्थ. अलीकडे मात्र जुने पाडून त्या जागी नवे बांधणे यासही आपण जीर्णोद्धारच म्हणू लागलो आहोत. आजाऱ्यास बरे करणे आणि त्याच्या अंथरुणावर दुसऱ्यास निजविणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

पेण-रोहे भागात आपण ख्रिस्ती लोक संख्येने थोडे. पण आपला इतिहास दूर नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे एका तीरावर रेवदंडा आहे व दुसऱ्या तीरावर कोर्लई. पोर्तुगिजांनी चौलच्या या बंदरात १५१६ साली वखार घातली. १७४० साली ते ठाणे मराठ्यांकडे आले. रेवदंड्याच्या तटाआड आज नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत, त्यांत छप्पर हरपलेल्या देवळांच्या भिंती आहेत, आणि लोक ज्यास सातखणी म्हणतात तो मनोरा आहे. पलीकडे कोर्लईस मात्र ख्रिस्ती वस्ती टिकली. तेथील घरांत पोर्तुगीज वळणाची बोली आजही कानी पडते, आणि माउंट कार्मेल मातेच्या देवळात उपासना चालते. नदी एकच, पण जेथे माणसे राहिली तेथे देऊळ नांदते राहिले.

जुन्या इमारतीचे शत्रू दोन : एक उपेक्षा आणि दुसरे उतावीळ प्रेम. दोहोंची साक्ष जुन्या गोव्यात मिळते. तेथील संत ऑगस्टीनचा मठ १८३५ साली ओस पडला. अवघ्या सात वर्षांत, १८४२ साली, देवळाचे कमानदार छत कोसळले. १९३१ साली दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. ही उपेक्षेची कथा. संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष जेथे आहेत त्या बॉम जेझू बॅसिलिकेची कधीच उपेक्षा झाली नाही. पण विसाव्या शतकाच्या मध्यास, दगड उघडा दिसावा या हौसेने, तिच्या बाहेरील चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला. तेव्हापासून सच्छिद्र जांभा दगड दर वर्षी उघड्यावर पाऊस खात आहे. ही प्रेमाची चूक.

अशी एक चूक आमच्याही हातून घडली, ती येथे कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी रोह्याकडील एका लहान जुन्या कपेलाची दुरुस्ती आमच्याकडे सोपविण्यात आली होती. भिंती चुन्यात बांधलेल्या दगडी, तळाशी ओल. आम्ही जुना गिलावा खरवडून सिमेंटचा जाड थर देवविला. पहिल्या वर्षी सर्वांनी वाखाणणी केली. तिसरा पावसाळा सरला तेव्हा गुडघ्याएवढी असलेली ओल छातीपर्यंत चढली होती, वेदीमागील लाकडी चौकटीस वाळवी लागली होती, आणि सिमेंटचे पापुद्रे दगडाचा पदर घेऊन गळत होते. एका वृद्ध गवंड्यास बोलाविले. त्याने भिंतीस हातही लावला नाही. वर पाखाडीकडे बोट दाखविले. तेथील पन्हळ फुटलेली होती आणि सारे पाणी पायाशी सांडत होते. आम्ही ओल झाकली होती. तिचे मूळ पाहिले नव्हते. दात्यांचा पैसा खर्ची पडला, आणि पूर्वजांची भिंत दुखावली.

त्या प्रायश्चित्तातून शिकलेले पाच नियम आपणांपुढे ठेवतो.

पहिला नियम पाण्याचा. आपल्याकडे वर्षास सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मृगापूर्वी कौले परतावी, पन्हळी साफ कराव्या, पाणी पायापासून दूर जाईल असा उतार ठेवावा, आणि भिंतीत रुजलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच काढावे. एवढे दर वर्षी झाले तर मोठ्या दुरुस्तीची वेळ क्वचितच येईल.

दुसरा नियम : आधी नोंद, मग हात. मापे घ्यावी, छायाचित्रे काढावी. भेग दिसली तर तिच्यावर आडवी चुन्याची पट्टी घालून तारीख लिहावी. पावसाळ्यानंतर पट्टी अभंग असेल तर भेग जुनी व स्थिर. तुटली तर पाया हालत आहे असे समजून जाणत्यास बोलवावे.

तिसरा नियम : जातीस जात लावावी. पेणचा मूर्तिकार शाडूच्या मूर्तीस तडा गेल्यास शाडूच लावतो. चुन्याचा गिलावा मऊ व सच्छिद्र असतो. भिंतीतील ओल त्यातून बाहेर पडून वाळते. सिमेंट कठीण व घट्ट. ते ओल कोंडते, मग ती दगडातून वाट काढते, आणि तिच्यातील क्षार दगडाचा पृष्ठभाग फोडतात. चुना हवा शोषून सावकाश घट्ट होतो, म्हणून त्याच्या कामात घाई चालत नाही.

चौथा नियम : लागेल तेवढेच करावे. वाशाचे टोक कुजले तर टोकच कापून सांधा करावा. सारे छप्पर उतरवू नये.

पाचवा नियम सचोटीचा. नवा भाग जवळून पाहणाऱ्यास नवा म्हणून ओळखू यावा, आणि जे पूर्वी कसे होते हे ठाऊक नाही ते कल्पनेने रचू नये. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेत हेच तत्त्व आहे. आपल्या देशात सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली पुरातत्त्व खात्यासाठी जी नियमपुस्तिका प्रसिद्ध केली, तिचाही भर जुने आहे तसे राखण्यावर होता.

कायद्याचीही माहिती असावी. १९०४ चा कायदा लॉर्ड कर्झन यांच्या काळचा. आज मुख्य आधार १९५८ च्या कायद्याचा. २०१० च्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु खेड्यातील लहान कपेल, जुना क्रूस, स्मशानभूमीतील शिळा यांची नावे बहुधा कोणत्याच सरकारी यादीत नसतात. त्यांचे राखणदार आपणच.

पवित्र ख्रिस्तसभेनेही हा भार आपणांवर टाकलेला आहे. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे कलम १२१६ सांगते की मंदिराच्या बांधणीत व दुरुस्तीत तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. कलम ११८९ प्रमाणे मंदिरातील प्राचीन व मौल्यवान मूर्तींची आणि चित्रांची दुरुस्ती धर्माधिकाऱ्यांच्या लेखी परवानगीवाचून करता येत नाही. म्हणजे भक्तिभावाने का होईना, जुन्या मूर्तीस स्वतः तैलरंग फासण्याचा अधिकार कोणासही नाही. कलम १२८३ मालमत्तेची अचूक यादी ठेवावयास सांगते.

म्हणून आमची दोनच मागणी आहेत. महोत्सवाच्या निधीतील काही भाग दर वर्षीच्या पावसाळी डागडुजीसाठी राखून ठेवावा. आणि एक वही ठेवावी, जिच्यात कोणती भिंत केव्हा, कोणी, कशाने दुरुस्त केली हे लिहिले जाईल. त्या वहीच्या पहिल्या पानावर आमची चूक लिहावी, अशी आमची विनंती आहे. पुढच्या महोत्सवाला या जागी दुसरे कोणी उभे राहील. पूर्वजांनी आपल्या हाती दिलेले आपण त्यांच्या हाती धड दिले, असे त्यांस म्हणता यावे, एवढीच परमेश्वरचरणी प्रार्थना करून आपली रजा घेतो.